सीमाभागातले नाच आणि त्यांत राहिलेला इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जत्रेत वही घेऊन बसलं की दोन तऱ्हेची माणसं जवळ येतात. एक विचारतं, "काय लिहूलास रे?" दुसरं काही विचारत नाही, थोडा वेळ वाकून बघतं आणि जाता जाता सांगतं, हे चुकलंय, आमच्या गावात असं म्हणत नाहीत. ही वही भरली ती या दुसऱ्या माणसांमुळं. निपाणी भागातल्या ढोल वाजवणाऱ्या घरात वाढल्यामुळं मला हे सगळं बघायला कुठं लांब जावं लागलं नाही. प्रकल्पासाठी येणारी पोरं, पुण्या-मुंबईची पाहुणेमंडळी आणि आमचेच भाऊबंद जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केलेत.

नाचात इतिहास असतो म्हणता, तो नेमका कुठं असतो? पावलांत?

पावलांत थोडा. खरा असतो तो नावांत आणि मानात.

गोंधळाचंच बघा. लग्न झाल्यावर घरात गोंधळ घालतात. चौक मांडलेला असतो, पाटावर तांदूळ, त्यावर कलश, भोवती ज्वारीची नाहीतर उसाची ताटं बांधून केलेलं मखर, शेजारी तेलावर धगधगणारी दिवटी. गोंधळी कमरेला संबळ बांधतो, एक टिपरू वाकडं, एक सरळ, आणि कथेला हात घालण्याआधी देवांना आवतन देतो. तुळजापूरच्या भवानीनं गोंधळाला यावं, कोल्हापूरच्या अंबाबाईनं यावं, माहूरच्या रेणुकेनं यावं, सौंदत्तीच्या यल्लम्मानं यावं, जेजुरीच्या खंडोबानं, चिंचलीच्या मायाक्कानं यावं. मग गावची लक्ष्मी, वेशीवरचा मारुती आणि शेवटी त्या घराच्या मूळ गावचा देव. बाहेरच्याला ही नुसती यादी वाटते. घरातल्यांना ती त्यांची वंशावळ असते. खानापूर तालुक्यातलं एखादं घर चार पिढ्या तिथंच नांदतं, पण त्याच्या आवतनात घाटाखालच्या एका देवाचं नाव येतं. म्हणजे ते घर कधीतरी कोकणातून वर चढलंय. कुठल्याही दप्तरात ही नोंद नाही. गोंधळ्याच्या तोंडी आहे.

आता मानाचं. जत्रेत पहिला ढोल कुणाचा, पालखीपुढं आधी कुठल्या गावानं नाचायचं, भंडारा आधी कुणाला लावायचा, हे सगळं ठरलेलं असतं आणि त्यावरून भांडणंही होतात. हा क्रम म्हणजे गावं वसली कशी, जमीन कुणी दिली, देवाची सेवा कुणाकडं आली याचा हिशेब. कागद हरवतो. मान कुणी हरवू देत नाही, कारण शेजारचं गाव टपलेलं असतं.

सीमाभाग म्हणजे इथं कुठला भाग धरलाय?

बेळगाव जिल्हा, आणि त्यातही निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी, खानापूर, बेळगाव आणि सौंदत्ती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, २०१४ ला बेळगावचं बेळगावी. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे आणि २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. कारवार आणि बिदरकडचे नाच वेगळे, त्यांवर मी बोलणार नाही, मला ते जवळून माहीत नाहीत.

मग हे नाच मराठी की कानडी?

हा प्रश्न जत्रेत कुणी विचारत नाही. तो व्यासपीठावर विचारतात.

"येळकोट येळकोट जय मल्हार" आपण ओरडतो. त्यातला येळकोट म्हणजे कानडीतलं "एळु कोटी", सात कोटी. खंडोबाच्या प्रधानाला आपण हेगडी म्हणतो, तो कानडी हेग्गडे. खंडोबा तिकडं मैलार होतो. मायाक्कातली अक्का म्हणजे थोरली बहीण, आणि ती अक्का आपल्या घराघरांत आहे. उलट उत्तर कर्नाटकातल्या कानडी घरांतही गोंधळ घालतात, आणि तो घालायला येणारा गोंधळी आपल्या घरात मराठी बोलत असतो. हलगीला दोन्हीकडं जवळजवळ एकच शब्द आहे. जाळावर शेकून तिचं कातडं ताणलं की ती जी बोलते, ती भाषा मात्र अजून कुठल्या आयोगानं ठरवलेली नाही.

मी काळ्या दिनाच्या, म्हणजे १ नोव्हेंबरच्या निषेधाच्या, फेरीत चालणाऱ्या माणसांच्या घरचा आहे. मराठी शाळा, मराठी कागदपत्रं, मराठी पाट्या यांचा आग्रह मला पटतो आणि तो मी सोडणार नाही. पण धनगरी गजाच्या ढोलाला भाषेचं कुंपण घालायला गेलं तर निम्मी नावं बाहेर पडतील, हेही तितकंच खरं.

धनगरांचा गजा नाच आणि कानडी डोळ्ळु कुणित एकच का?

एक नाहीत, पण देव एकच. आपला बिरोबा, बिरदेव; त्यांचा बीरप्पा, बीरेश्वर. आपले धनगर, त्यांचे कुरुब. डोळ्ळु कुणितात नाचणाऱ्याच्याच गळ्यात भलामोठा ढोल असतो. वाजवणाराच नाचणारा, उड्या मारत, एकमेकांच्या वर चढत. आपल्या गजात ढोल-कैताळवाले (कैताळ म्हणजे मोठी झांज) एका बाजूला आणि नाचणारे दुसऱ्या बाजूला. डोक्याला पटका, दोन्ही हातांत रुमाल. सुरुवात इतकी संथ की नवखा माणूस कंटाळून चहाला जातो. पाऊल पुढं, पाऊल मागं, रुमाल एकदा उजवीकडं झटकला. मग म्होरक्या ढोलाकडं नुसतं बघतो, कैताळ बदलतं आणि अख्खी रांग एका अंगानं वळते. कुणी मोठ्यानं आकडे मोजत नाही. मी लहानपणी विचारलं होतं की कळतं कसं, तर आबा म्हणाले, "मेंढरू कसं वळतंय? तसंच."

थट्टा नव्हती ती. रांगेनं चालणं, म्होरक्या वळला की सगळ्यांनी वळणं, मधे थांबणं, पुन्हा जमणं, या नाचात कळपाची चाल आहे असं मला वाटतं. पावसाचा अंदाज घेऊन मेंढरं घेऊन गावोगाव फिरणाऱ्या समाजाचा इतिहास दगडावर कोरलेला सापडायचा नाही. तो ओवीत सापडतो. "सुंबरान मांडलं" म्हणून ओवी सुरू होते, सुंबरान म्हणजे स्मरण. पुढं बिरोबाची जन्मकथा, त्याच्या बहिणीची कथा, वाटेतली रानं, पाणवठे, कुठल्या गावानं चारा दिला आणि कुठल्यानं हाकललं. गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन अभ्यासक पुण्यात राहून धनगरांच्या वाड्यांवर वर्षानुवर्षं फिरले ते या ओव्यांसाठीच.

बाळूमामांचं नाव घेतल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. जन्म १८९२ चा, तेव्हाच्या चिकोडी तालुक्यातल्या अक्कोळचा, समाधी भुदरगडातल्या आदमापूरला. म्हणजे जन्मगाव आज एका राज्यात आणि समाधी दुसऱ्या. त्यांच्या मेंढरांचे कळप आजही दोन्हीकडच्या रानांतून फिरतात आणि ज्या शिवारात बसतात तिथला शेतकरी स्वतःला भाग्यवान समजतो.

वाघ्या-मुरळीत इतिहास कसला? ती तर देवाच्या दोन बायकांची भांडणं.

भांडणंच, पण कुणाकुणाची ते बघा. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. दुकान आणि पेठ एकीकडं, मेंढरं आणि रान दुसरीकडं. दोघींना नांदवणारा देव एकच. मंगसुळीच्या खंडोबाला अथणी-कागवाड भागातले शेतकरी, वाणी, धनगर सगळेच येतात, आणि जागरणात म्हाळसा-बाणूचा वाद रंगला की ज्याचा त्याचा पक्ष ठरलेला असतो. वाघ्या लंगर, म्हणजे लोखंडी साखळी, तोडतो तेव्हा मात्र सगळेच गप्प होतात.

सौंदत्तीच्या जोगत्यांचा, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्या माणसांचा, नाच शाळेच्या संमेलनात बसवावा का?

हा प्रश्न मला बहुतेक शिक्षकच विचारतात, दबक्या आवाजात.

नाच देखणा आहे. डोक्यावर जग म्हणजे देवीची टोपली, त्यात देवीचा मुखवटा, मोरपिसं, भंडारा, आणि तो हातानं न धरता मान ताठ ठेवून कमरेतून फिरायचं. काखेत चौंडकं. त्याचा आवाज ज्यानं ऐकलाय तो विसरत नाही. एका तोंडाला कातडं, त्यातून काढलेली तार ओढली की रडल्यासारखा वर चढणारा स्वर निघतो. मार्गशीर्षातल्या पुनवेला आपल्याकडं रांडाव पुनव म्हणतात. त्या दिवशी जमदग्नी मारला गेला आणि रेणुका, म्हणजेच यल्लम्मा, विधवा झाली असं मानून डोंगरावर बांगड्या फोडतात. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून गाड्या भरभरून जातात, आणि "उदं गं आई उदं"च्या गजरात कानडी-मराठी वेगळं काढता येत नाही.

पण या नाचात दुसराही इतिहास आहे. गरिबाघरच्या पोरी, बहुतेक दलित घरांतल्या, गळ्यात मोती बांधून देवीला सोडल्या गेल्या. कुणाच्या केसांत जट आली म्हणून, कुणाच्या घरी मुलगा नाही म्हणून. मुंबई इलाख्यात १९३४ ला याविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकात १९८२ ला. निपाणी-गडहिंग्लज पट्ट्यात या बायकांनी स्वतः संघटना बांधल्या, पेन्शनीसाठी मोर्चे काढले. चौंडक्याच्या गाण्यात हे सगळं सरळ सांगितलेलं नसतं, पण रेणुकेची कथा म्हणजे बापाच्या सांगण्यावरून लेकानं आईचं डोकं उडवल्याची कथा आहे आणि ती गाणाऱ्या बाईनं काय सोसलंय हे तिच्या आवाजात येतं.

म्हणून माझं उत्तर असं : सातवीच्या पोरींच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा जग देऊन तीन मिनिटं फिरवू नका. बसवायचाच असेल तर आधी हा इतिहास त्यांना सांगा, आणि शिकवायला जोगतीलाच बोलवा, मानधन देऊन. जोगप्पांच्या, म्हणजे देवीला वाहिलेल्या तृतीयपंथी माणसांच्या, वाट्याला पूर्वी कुचेष्टाच होती. बळ्ळारीकडच्या मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली, त्यानंतर निदान आपल्याकडं त्यांच्याशी बोलताना लोक खुर्ची पुढं करू लागलेत.

मोहरमला आमच्या गावात हिंदू का नाचतात?

कारण गावात पीर बसतो आणि पीर गावाचा असतो. मुसलमानाचं एकही घर नसलेल्या गावांतसुद्धा पंजे बसवतात. करबलचा नाच गोल धरून, ठेका पायात घेऊन होतो. कानडीत पावलाला हेज्जे म्हणतात आणि आमचे म्हातारेही तोच शब्द वापरतात. गाणी मराठीत, कानडीत, दखनीत, कधी एकाच कडव्यात तिन्ही. विषय करबलाच्या लढाईचा, हिजरी ६१, म्हणजे इसवी सन ६८० चा. तेराशेवर वर्षांपूर्वी इराकच्या वाळवंटात तहानेनं तळमळलेल्या माणसांसाठी चिकोडीकडचा एक ऊसवाला गडी डोळे पुसतो. मला या भागातली ही सगळ्यांत नवलाची गोष्ट वाटते.

खानापूरच्या जंगलातल्या सिद्दींचा नाच आपल्यात धरायचा का?

"आपल्यात" म्हणजे काय यावर ते अवलंबून आहे. पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गोव्यात गुलाम आणले. त्यांतले कितीतरी पळून घाट चढले आणि खानापूर, हल्याळ, यल्लापूरच्या रानात राहिले. त्यांचं दमाम म्हणजे लाकडाचा, दोन्ही तोंडांना कातडं लावलेला ढोल, आणि त्यावरच्या नाचालाही दमामच म्हणतात. बायका गातात ते कोकणीच्या वळणानं, मधे मराठी-कानडी शब्द. नाचात शिकार असते, जनावरांच्या हालचाली असतात. मूळची भाषा गेली, नावं बदलली, कुणी हिंदू झालं, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. ढोल मात्र तिघांचा एकच राहिला. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना २००३ ला अनुसूचित जमातीत घेतलं, बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना मात्र २०२० पर्यंत थांबावं लागलं. एकाच जंगलात जिल्ह्याच्या हद्दीवरून माणूस आदिवासी ठरत होता आणि ठरत नव्हता. सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

लेझीम पारंपरिक का?

नाचापेक्षा व्यायाम. शब्द फारसी, मूळ अर्थ साखळी लावलेलं सरावाचं धनुष्य. तालमीतून शाळेत आली आणि शाळेतून मिरवणुकीत. बेळगावची शिवजयंती वैशाखात असते, रात्रभर चित्ररथ चालतात, आणि त्यांच्यापुढं लेझीम नसेल तर मिरवणूक मुकी वाटते. परंपरा व्हायला हजार वर्षं लागतात असं थोडंच आहे.

कित्तूरच्या इतिहासाचं मराठी माणसाला काय?

२३ ऑक्टोबर १८२४ ला बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरच्या लढाईत इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. राणी चन्नम्माचा सरदार संगोळ्ळी रायण्णा पुढं लढत राहिला आणि २६ जानेवारी १८३१ ला त्याला नंदगडला फाशी दिलं. नंदगड खानापूर तालुक्यात, मराठी मुलखात. तिथल्या त्याच्या समाधीवरच्या वडाला बायका नवस बोलतात, मराठीतून. त्याची गाणी कानडी गीगी पदांत आहेत, डफ आणि तुणतुण्यावर, आणि ऐकणारा पोवाड्याला सरावलेला असेल तर अर्ध्या वाटेपर्यंत त्याला भाषा आड येत नाही.

नाचात सन-तारीख नसते. मग त्याला इतिहास का म्हणायचं?

तारखेपुरता म्हणू नका. ओवीत बिरोबा आणि एखादा आदिलशाही सुभेदार एकाच झाडाखाली बसतात. गाणारा दोनशे वर्षं एका श्वासात ओलांडतो. ते जसंच्या तसं खरं धरून कुणी कोर्टात गेला तर वकील हसेल. पण कुणाला कशाची भीती वाटत होती, कुणाशी सोयरीक होती, दुष्काळात माणसं कुठल्या वाटेनं गेली, हे तिथं सापडतं. आणि तारीख नसली तरी खोटं सहज खपत नाही, कारण ऐकणाऱ्यांत चार जाणते असतातच. एकदा एका गायकानं पाणवठ्याचं नाव चुकवलं, तर मागून एक म्हातारी ओरडली, "तिथं पाणी नव्हतं रं कधी!"

व्हिडिओ काढून ठेवला की जपलं, असं नाही का?

काढा जरूर. पण काय काढताय ते बघा.

काही वर्षांपूर्वी आमचा गजा एका स्पर्धेत गेला. आठ मिनिटं मिळाली होती. ढोल मांडले, आणि आमचे म्होरके सुंबरान म्हणायला उभे राहिले. सूत्रसंचालक माईकवरून म्हणाला, "डायरेक्ट नाच सुरू करा." म्होरक्यांनी ऐकलं नाही. देवांची, गावांची, मेलेल्या म्होरक्यांची नावं घेतली, तीही घाई न करता. पाच मिनिटं गेली. ढोलानं वेग धरला तोवर घंटा झाली. आम्ही शेवटचे आलो. परत येताना टेम्पोत तरणी पोरं चिडलेली. आबा म्हणाले, "नाच काय, पुढच्या आठवड्यात जत्रेत नाचू. नावं चुकली असती तर?"

रंगमंच नेमकं तेच कापतो. आवतन कापतो, थांबणं कापतो, मानावरून झालेली हुज्जत कापतो. मोबाईलही तसाच. ढोल चढला की सगळे हात वर. म्हणून माझी विनंती एवढीच की शूटिंग सुरुवातीपासून करा, जेव्हा काहीच घडत नाहीसं वाटतं तेव्हापासून. कोण कुणाला फेटा बांधतंय, भंडारा आधी कुणाला, हे येऊ द्या. नंतर ते त्याच माणसांना दाखवा आणि नावं लिहून घ्या. आणि मोबाईल बिघडण्याआधी दोन ठिकाणी उतरवून ठेवा. माझी एका मोठ्या गोंधळाची अख्खी रात्र अशीच गेली आणि तो गोंधळी आता नाही.

गाणी लिहायची कुठल्या लिपीत?

ज्या लिपीत तुमचा हात चालतो त्या. मी देवनागरीत लिहितो, कानडी शब्दाखाली रेघ मारतो आणि अर्थ गाणाऱ्यालाच विचारतो. अडाण्यासारखं "शुद्ध" मात्र करू नका.

मुलींनी ढोल घेतला तर चालतो का?

घेतलाय. कुरकुर झाली. ढोलाला फरक पडला नाही.

बाहेरून येऊन कधी बघता येईल?

चिंचलीच्या मायाक्काची जत्रा माघात, बैलगाड्यांसकट. सौंदत्तीला मार्गशीर्ष, माघ आणि चैत्राच्या पुनवा. बेळगावात वैशाखातली शिवजयंती. खानापूरच्या घाटाकडच्या गावांत शिमगा. नवरात्रात घरोघर गोंधळ. मोहरमची तारीख चंद्रावर. ढोलांच्या अगदी जवळ उभं राहू नका, आणि भंडारा लागणारच, तेव्हा पांढरे कपडे नकोत.

तुमची वही बघायला मिळेल का?

मिळेल. अक्षर वाईट आहे. एका पानावर चिंचलीच्या वाटेवरच्या मुक्कामांची नावं आहेत, आणि त्यांतल्या तिसऱ्या नावावर तीन गावच्या तीन माणसांनी तीन वेगवेगळ्या शाईंनी काट मारून आपापलं नाव घातलंय. मी कुठलंच खोडलेलं नाही. तुमचं गाव त्या वाटेवर असेल तर येताना पेन घेऊन या.